पायोरियाच्या देखभालीत जंतुनाशक चूळ : केव्हा, कशी आणि किती दिवस

हिरड्यांचा जुनाट आजार, ज्याला आपल्याकडे सरसकट पायोरिया म्हटले जाते, हा औषधाचा एक कोर्स घेऊन कायमचा संपणारा आजार नाही. दाताभोवतीचे हाड एकदा झिजले की ते बहुतेक वेळा पूर्ववत भरून येत नाही. उपचाराने साधते ते एवढेच की झीज थांबते, आणि ती थांबलेली राहावी यासाठी पुढे आयुष्यभर देखभाल करावी लागते. या देखभालीत जंतुनाशक औषधाने चूळ भरण्याला निश्चित जागा आहे, परंतु ती मर्यादित आहे. इंदुरातल्या मराठी घरांत मला या बाबतीत दोन्ही टोके पाहायला मिळतात. राजेंद्रनगरात काय किंवा रामबागेत काय, डॉक्टरांनी दोन आठवड्यांसाठी लिहून दिलेली बाटली वर्षभर पुन्हा पुन्हा आणणारे आणि तिच्या भरवशावर ब्रश घाईने उरकणारे लोक आहेत, तसेच दातांवर तपकिरी डाग दिसताच घाबरून चार दिवसांत औषध सोडून देणारेही आहेत. दोघांचेही नुकसान होते, आणि ते टाळता येण्यासारखे असल्यामुळे या विषयावर जरा सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते.

चुळीने काय होते आणि काय होत नाही

दातांवर दररोज जंतूंचा एक मऊ, चिकट थर बसतो. तो तसाच राहिला तर हिरड्या सुजतात, लाल होतात आणि ब्रश लागताच रक्त येऊ लागते. डेन्मार्कमधील आर्हूस येथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या स्वयंसेवकांनी दात घासणे बंद केले, तेव्हा साधारण दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना सूज आली आणि पुन्हा स्वच्छता सुरू केल्यावर ती ओसरली. त्यानंतर १९७० मध्ये लो आणि शिऑट यांनी दाखवून दिले की ब्रश न करताही क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या ०.२ टक्के तीव्रतेच्या १० मिलिलिटर द्रावणाने दिवसातून दोनदा चूळ भरली, तर हा थर साचण्यास आणि सूज येण्यास अटकाव होतो. क्लोरहेक्सिडीनला आजही या कामात इतर औषधांची तुलना करण्यासाठी मापदंड मानले जाते, त्याचा पाया हाच.

हे औषध इतके परिणामकारक का, हे समजून घेतले तर पुढची पथ्ये आपोआप पटतात. क्लोरहेक्सिडीनच्या रेणूवर धन विद्युतभार असतो, तर दाताचा पृष्ठभाग, तोंडाची आतली त्वचा आणि जंतूंचे कवच यांवर ऋण. त्यामुळे औषध थुंकून टाकल्यावरही त्याचा काही अंश दाताला आणि गालाच्या आतल्या त्वचेला चिकटून राहतो आणि कित्येक तास हळूहळू सुटत राहतो. दिवसातून दोनच वेळा चूळ पुरते, ती याच गुणामुळे. पण हाच गुण त्याचे दुखणेही आहे, कारण चहातील टॅनिन आणि टूथपेस्टमधला फेस आणणारा घटक यांच्याशीही ते तसेच जोडले जाते. पहिल्याने डाग पडतात आणि दुसऱ्याने औषधाची शक्ती मारली जाते.

आता मर्यादा. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामधली फट १ ते ३ मिलिमीटर खोल असते. पायोरियात हिरडी दातापासून सुटते आणि तिथे ४, ५, कधी ७ मिलिमीटरचा खिसा तयार होतो, ज्याला दंतवैद्य पॉकेट म्हणतात. तोंडात घोळवलेले द्रव या खिशाच्या तोंडाशीच थबकते, तळापर्यंत पोहोचत नाही. शिवाय जिथे पोहोचते तिथेही घट्ट बसलेला जुना थर किंवा दगडासारखे कठीण झालेले कीटण ते विरघळवू शकत नाही. म्हणून खोल खिसे असताना, आधी स्केलिंग (कीटण खरवडून काढणे) आणि मुळांची सफाई न करून घेता केवळ चुळी भरत राहणे म्हणजे आजार आत चालू ठेवून बाहेरचे रक्त तेवढे कमी करणे होय. रक्त थांबले म्हणून रुग्ण निर्धास्त होतो आणि हाड मात्र झिजत राहते. या लेखातले दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, पण एवढे राहावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कोणाला आणि केव्हा

क्लोरहेक्सिडीनची चूळ ही मुदतीची गोष्ट आहे. खोल सफाईनंतर किंवा हिरडीच्या शस्त्रक्रियेनंतर, जेव्हा ब्रश लावताच दुखते, तेव्हा साधारणपणे दोन आठवडे ती दिली जाते, आणि गरजेनुसार दंतवैद्य ती मुदत वाढवतात. देखभालीच्या काळात मध्येच एखाद्या भागात पुन्हा सूज आणि रक्त दिसू लागले, तर तपासणी करून घेऊन तशीच छोटी फेरी पुन्हा करता येते. ज्यांच्या हातांनी स्वच्छता नीट होऊच शकत नाही, म्हणजे संधिवाताने बोटे आखडलेली, कंपवात किंवा पक्षाघात झालेली, हात प्लास्टरमध्ये असलेली माणसे, त्यांच्यासाठी मुदत लांबवावी लागते, परंतु तीही दंतवैद्याच्या नजरेखाली. घरात अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा असतील आणि त्यांना चूळ भरून थुंकता येत नसेल, तर औषधात बुडवून पिळलेल्या कापसाच्या बोळ्याने किंवा मऊ ब्रशने दात व हिरड्या पुसाव्यात. त्यांच्या तोंडात द्रव ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

रोजच्या, महिनोन्‌महिने चालणाऱ्या वापरासाठी दुसरी औषधे अधिक सोयीची आहेत. सेटिलपायरिडिनियम क्लोराइड असलेले माऊथवॉश, किंवा थायमॉल, युकॅलिप्टॉल, मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट ही सुगंधी तेले असलेले माऊथवॉश क्लोरहेक्सिडीनइतके जोरकस नसतात, पण डागही त्या मानाने कमी पाडतात. युरोपातील पेरिओडॉन्टॉलॉजीच्या, म्हणजे हिरड्यांच्या आजारांच्या शास्त्राच्या, महासंघाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही देखभालीच्या काळात चूळ जोडायचीच असेल तर क्लोरहेक्सिडीन, सुगंधी तेले आणि सेटिलपायरिडिनियम या तिघांचाच उल्लेख आहे, आणि तोही यांत्रिक स्वच्छतेला जोड म्हणून. सुगंधी तेलांच्या काही माऊथवॉशमध्ये मद्यार्क असतो. ज्यांचे तोंड औषधांमुळे किंवा वयामुळे कोरडे पडते त्यांनी, आणि ज्यांना तो कोणत्याही कारणाने नको आहे त्यांनीही, लेबल वाचून मद्यार्काविना असलेला प्रकार घ्यावा. तो सहज मिळतो.

लहान मुलांना, जी चूळ गिळण्याची शक्यता असते, ही औषधे देऊ नयेत. गरोदर स्त्रियांनी कोणतीही जंतुनाशक चूळ सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

चूळ भरण्याची रीत

औषध विकत घेताना बाटलीवरची तीव्रता पाहावी. ०.२ टक्क्यांचे क्लोरहेक्सिडीन असेल तर १० मिलिलिटर, एक मिनिट, दिवसातून दोनदा, असा नेम असतो. ०.१२ टक्क्यांचे असेल तर १५ मिलिलिटर, ३० सेकंद, दोनदा. हिशेब केला तर दोन्हींत प्रत्येक वेळी जाणारे औषध जवळपास सारखेच, म्हणजे २० आणि १८ मिलिग्रॅम भरते. त्यामुळे अधिक तीव्र बाटली घेतली की अधिक फायदा, असे समजू नये. औषधात पाणी मिसळायचे की नाही, हे अंदाजाने ठरवू नये. लेबलवर आणि चिठ्ठीवर जे लिहिले असेल तेच करावे. जीभ फार झोंबत असेल तर दंतवैद्याला विचारून ते सौम्य करून घेता येते.

वेळेचे गणित हा या संपूर्ण विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. टूथपेस्टमधील सोडियम लॉरिल सल्फेट हा फेसाचा घटक क्लोरहेक्सिडीनला निष्प्रभ करतो, म्हणून दात घासणे आणि चूळ यांच्यात किमान अर्धा तास जावा लागतो. त्याहून जास्त गेला तर उत्तमच. चूळ भरल्यानंतरही अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये, आणि चहा-कॉफी तर त्याहून उशिरा घ्यावी. आपल्या घरांतला सकाळचा क्रम थोडा हलवला की हे सहज बसते. प्रथम चहा आणि पोहे-जिलेबीचा नाश्ता उरकावा, मग दात आणि दातांमधल्या फटी स्वच्छ करून तोंड पाण्याने भरपूर खळखळून धुवावे, त्यानंतर स्नान, देवपूजा, कपडे, जे काही असेल ते होऊ द्यावे, आणि घराबाहेर पडण्यापूर्वी चूळ भरावी. ज्यांना उठल्या उठल्या दात घासल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही, त्यांनी तेव्हा नुसत्या ओल्या ब्रशने दात घासावेत आणि पेस्ट नाश्त्यानंतरसाठी ठेवावी. रात्री जेवणानंतर लगेच ब्रश करावा आणि झोपताना चूळ भरावी. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे रात्रीची चूळ सर्वांत जास्त काम करते. ती भरल्यावर मात्र दुसरे काही तोंडात जाता कामा नये. रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या खाऊबाजारात, जायचा बेत असेल तर ब्रश आणि चूळ दोन्ही घरी परतल्यावरच करावे, आणि भुट्ट्याचा कीस किंवा गराडू खाऊन आल्यावर फटींत काही राहिले नाही ना, याकडे अधिक लक्ष द्यावे.

प्रत्यक्ष चूळ भरताना औषध मापाच्या झाकणानेच घ्यावे. कवळी किंवा काढता येणारे दात असतील तर ते आधी काढून ठेवावेत. औषध तोंडात घेऊन ओठ घट्ट मिटावेत आणि गालांच्या जोराने ते दातांच्या फटींतून पुढे-मागे ढकलत राहावे. मान थोडी उजवीकडे, मग डावीकडे कलती केली तर मागच्या दाढांच्या बाहेरच्या बाजूलाही ते पोहोचते. जीभ खालच्या समोरच्या दातांच्या मागे फिरवावी, कारण कीटण सर्वांत आधी तिथे साचते. घशाशी गुळण्या करण्याची गरज नाही, कारण आजार घशात नाही, आणि गुळणी करताना औषध गिळले जाण्याचा संभव वाढतो. एक मिनिट मनात मोजले की ते बहुधा निम्म्यावरच संपते, म्हणून घड्याळ समोर ठेवावे. नंतर थुंकावे आणि पाण्याने तोंड धुवू नये. धुतल्याने कडवटपणा उलट अधिक जाणवतो आणि औषधही वाया जाते.

काय सहन करावे, काय करू नये

दोन आठवड्यांच्या आत दातांच्या कडांवर, जिभेवर आणि सिमेंट भरलेल्या जागांवर तपकिरी छटा दिसू लागणे अपेक्षित आहे. हे डाग बाहेरचे असतात, दात आतून खराब झालेले नसतात, आणि पुढच्या भेटीत पॉलिश केल्यावर ते जातात. दिवसाला पाच-सहा कप चहा घेणाऱ्यांना ते लवकर आणि गडद पडतात. त्या दोन आठवड्यांत चहा कमी करता आला तर पाहावे. तपकिरी दिसते म्हणून कोळशाची पूड, मीठ किंवा राखुंडी लावून दात घासणे मात्र कटाक्षाने टाळावे. उघड्या पडलेल्या मुळांवर अशा खरखरीत पुडीने खाचा पडतात आणि त्या भरून येत नाहीत.

चवही बदलते, विशेषतः खारटपणा कमी जाणवतो. घरात स्वयंपाक करणारी व्यक्तीच औषध घेत असेल तर त्या दिवसांत आमटी-भाजीतल्या मिठाची चव दुसऱ्या कुणाकडून पाहून घ्यावी. रक्तदाब असलेल्या माणसांच्या ताटात नकळत जास्त मीठ पडणे हा लहान प्रश्न नव्हे. रक्तदाबाचीच आणखी एक गोष्ट: जिभेवरचे काही उपयुक्त जंतू पालेभाज्यांतील नायट्रेटचे रूपांतर करून रक्तवाहिन्या सैल ठेवण्यास हातभार लावतात, आणि क्लोरहेक्सिडीनने तेही मरतात. काही छोट्या अभ्यासांत अशा चुळींच्या काळात रक्तदाब किंचित वाढलेला आढळला आहे. यामुळे घाबरून औषध टाकू नये, परंतु ते वर्षानुवर्षे विनाकारण घेत राहू नये, यासाठी हे एक अधिकचे कारण आहे.

कीटण थोडे अधिक वेगाने साचणे, तोंडाची आतली त्वचा सोलवटणे किंवा जळजळणे, क्वचित कानाखालच्या लाळग्रंथी सुजणे हेही घडू शकते. सोलवटणे आणि ग्रंथींची सूज औषध थांबवल्यावर निवळते, पण दंतवैद्याला कळवावे. ओठ, चेहरा सुजणे, अंगावर गांधी उठणे किंवा श्वास लागणे हे दुर्मीळ असले तरी गंभीर ॲलर्जीचे लक्षण आहे. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे आणि हे औषध पुन्हा कधीही घेऊ नये. पुढे कोणतीही शस्त्रक्रिया असेल तर तिथेही ही माहिती आधी द्यावी, कारण त्वचा निर्जंतुक करण्यासाठीही हेच औषध वापरतात.

घरगुती उपायांबद्दल

एक पेला कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चूळ भरल्याने दुखऱ्या हिरडीला आराम पडतो आणि सफाईनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत मी ती आवर्जून सुचवतो. ती जंतुनाशक औषधाची जागा घेत नाही. तुरटीच्या पाण्याने हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात आणि रक्त थांबते, पण आतला थर जागच्या जागी राहतो, म्हणून मला तिचा नित्य वापर फसवा वाटतो. हळदीबद्दल लहान अभ्यास आशादायक आहेत. तेलाने चूळ भरण्याचा आधार त्याहून कच्चा आहे. कुणाला श्रद्धेने करायचे असेल तर करावे, पण ब्रशच्या जागी नव्हे. पोव्हिडोन आयोडीनची चूळ थायरॉइडचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. परदेशातील काही तज्ज्ञ अत्यंत सौम्य सोडियम हायपोक्लोराइटची चूळ आठवड्यातून दोनदा सुचवतात हे खरे आहे, परंतु आपल्याकडे फरशी-कपड्यांसाठी मिळणाऱ्या ब्लीचची तीव्रता आणि त्यात मिसळलेले इतर पदार्थ पाहता, घरच्या घरी ते पातळ करून तोंडात घेण्याचा प्रयोग कुणीही करू नये.

चुळीच्या आधीचे काम

औषध कोणतेही असो, ते पुसलेल्या भिंतीवरच रंग धरते. ब्रश मऊ केसांचा असावा, हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर साधारण ४५ अंशांत तिरका टेकवून बारीक बारीक हलवावा. पायोरियात दातांमधली हिरडी खाली सरकून फटी मोठ्या होतात, आणि तिथे दातांच्या फटी साफ करण्याच्या धाग्यापेक्षा (फ्लॉस) बाटली धुण्याच्या ब्रशच्या आकाराचा इंटरडेंटल ब्रश खूपच चांगले काम करतो. तो फटीच्या मापाचा हवा, ढिला नको आणि कोंबावा लागेल इतका घट्टही नको. बहुतेकांना दोन वेगवेगळी मापे लागतात, तेव्हा पहिल्यांदा ती दवाखान्यातच बसवून घ्यावीत. पोह्यांवरची शेव आणि जिरावण मसाला या फटींत जाऊन बसतात, हे इंदुरात राहणाऱ्याला सांगायला नकोच. रोज रात्री एकदा हा ब्रश फिरवला तर त्याचा फायदा कोणत्याही माऊथवॉशपेक्षा अधिक असतो, असे मी निःसंकोचपणे सांगतो.

तंबाखू, गुटखा, बिडी-सिगारेट किंवा मशेरी चालू असेल तर देखभालीचे निम्मे कष्ट वाया जातात. धूम्रपान करणाऱ्यांत हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे आजार लपून राहतो. मधुमेह असेल तर साखर आणि हिरड्या यांचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो: अनियंत्रित साखरेने आजार वाढतो, आणि पायोरियावर नीट उपचार केल्यावर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या चाचणीत साधारण ०.३ ते ०.४ अंकांची घट झाल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. फिट्सवरील फेनिटॉइन किंवा रक्तदाबावरील ॲम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या जाड होतात. तसे वाटल्यास गोळी स्वतःहून बंद न करता लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे.

पुन्हा तपासणीला केव्हा

सफाईनंतर खोल खिशांतील जंतूंची वस्ती काही आठवड्यांत पुन्हा जुन्या वळणावर येऊ लागते. म्हणूनच देखभालीच्या भेटी सहसा दर तीन ते चार महिन्यांनी ठेवतात, आणि वर्षभर सगळे स्थिर राहिले तरच अंतर वाढवतात. प्रत्येक भेटीत खिशांची खोली मोजून लिहून घ्यायला सांगावे आणि मागच्या आकड्यांशी ती ताडून पाहावी. ४ मिलिमीटर खोली आणि रक्त नसणे, हे बहुतेक वेळा समाधानकारक असते. ६ मिलिमीटर किंवा अधिक खोली आणि रक्त असेल तर चूळ वाढवण्याऐवजी त्या जागेची पुन्हा खोल सफाई किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार करावा लागतो. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल त्यांच्यासाठी इंदुरात एम. वाय. रुग्णालयाजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे हिरड्यांच्या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे, थोडा वेळ काढून जावे लागते एवढेच.

भेटीला जाताना वापरात असलेली औषधाची बाटली सोबत न्यावी, ती कधी सुरू केली ते सांगावे, आणि ती पुढे चालू ठेवायची की थांबवायची हे त्याच वेळी विचारून घ्यावे. ठरलेल्या तारखेच्या आधीच हिरडीतून पू येऊ लागला, एखादा दात हलू लागला, चावताना दात वर आल्यासारखा वाटला, गाल सुजला किंवा सूजेबरोबर ताप आला, तर चुळीवर विसंबून न राहता त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दंतवैद्याकडे जावे. तोंड उघडणे किंवा गिळणे कठीण होत असेल तर रात्र असली तरी थांबू नये.